खोक्यातून सायकल आली? डावं पायडल तेवढं आमच्यासाठी ठेवा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात येते. पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडलं सुटी, बाकीची जोडलेली. उरलेलं आपणच बसवून बघावं असा मोह सगळ्यांना होतो. होऊ दे. सीट बसवा, घंटी बसवा, बाटलीचा स्टँड बसवा, आमची काही तक्रार नाही. पायडलांना पाना लावण्याआधी मात्र हा कागद वाचा. दर शनिवारी संध्याकाळी हेच सांगून घसा बसतो, म्हणून शेवटी छापून घेतला.

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. उजवं नेहमीच्या स्क्रूसारखं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होतं, डावं त्याच्या विरुद्ध. पायडलाच्या दांडीच्या टोकाशी इंग्रजी एल किंवा आर कोरलेलं असतं. एल म्हणजे डावं, आणि डावं म्हणजे सीटवर बसल्यावर तुमच्या डाव्या पायाखाली येणारं. समोर उभं राहून बघताना तुमच्या डाव्या हाताला दिसतं ते नव्हे. हसू नका, यात भलेभले फसतात.

लक्षात ठेवायला सोपी खूण सांगतो. पान्याची मूठ वर ठेवून पुढच्या चाकाकडे ढकलली की पायडल घट्ट, मागच्या चाकाकडे ओढली की सैल. दोन्ही बाजूंना हेच. पण सायकल चाकांवर उभी असेल तरच. हँडल-सीटवर पालथी घालून काम करायची आपल्याकडे सवय आहे, आणि सायकल पालथी झाली की ही खूणही पालथी होते. निम्मे घोटाळे इथेच होतात.

असले उलटे आटे ठेवतातच कशाला? पायडल मारताना दांडीवरचा दाब तिच्याभोवती फिरत राहतो आणि आटे केसभर केसभर सरकत जातात. दोन्हीकडे सारखेच आटे असते तर डावं पायडल चालता चालता सुटून रस्त्यात पडलं असतं. विमानवाले राइट बंधू मूळचे सायकलवाले. आपोआप न सुटणाऱ्या पायडलांची जाहिरात त्यांनी आपल्या डेटनच्या दुकानातर्फे १९०० च्या सुमारास केली होती, ती याच युक्तीच्या जोरावर. तेव्हा 'माल डिफेक्टिव्ह आलाय' म्हणून कंपनीशी भांडू नका.

आता खर्चाचं. पायडलाची दांडी लोखंडी, गिअरच्या बहुतेक सायकलींची, पायडल जिच्यात फिरवून बसवतात ती क्रँक अ‍ॅल्युमिनियमची. जोर लावला की लोखंड हटत नाही, अ‍ॅल्युमिनियम कापलं जातं. मध्यंतरी एक गृहस्थ शनिवारी साडेसातला आले. शटर अर्धं खाली आलेलं. रविवारी पहाटे ग्रुपबरोबर सिंहगड ठरलेला. डावं पायडल अंगठ्याएवढं तिरकं बसलेलं आणि क्रँकच्या तोंडाशी नारळ खवल्यासारखा चकचकीत कीस. "जरा जड जात होतं, म्हणून पान्याला पाईप लावला," म्हणाले. पायडल बरोबर बाजूचं असेल आणि सरळ लागलं असेल, तर पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी जातात. पाना लागतो तो फक्त शेवटच्या आवळणीला. बोटांनी जात नाही म्हणजे काहीतरी चुकलंय, तिथेच थांबा. पाईपपर्यंत गोष्ट जायलाच नको.

तिथे थांबलात तर क्रँक बहुधा वाचते. आतल्या बाजूने ९/१६ इंची डावा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करता येतात, अर्ध्या तासाचं काम. पुढे गेलात तर भोक मोठं करून बुश (आट्यांची छोटी नळी) बसवावा लागतो, नाहीतर क्रँकच बदलावी लागते, आणि नुसती डावी क्रँक त्याच मापाची, त्याच रंगाची सुटी मिळेलच असं नाही. त्या गृहस्थांचा सिंहगड दोन आठवडे पुढे गेला. खाली उभं राहून ग्रुपला हात तेवढा केला.

खोक्यातली बाकीची संकटं थोडक्यात. डिस्क ब्रेक असेल तर पुढच्या ब्रेकचं कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) बसणाऱ्याच्या डाव्या हाताला आलं पाहिजे. उजवीकडे दिसलं तर चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उलटा फिरलाय. अशी सायकल चालते, पण हँडल नेहमीसारखं वागत नाही. ऑइलचे ब्रेक असतील तर चाक बसवेपर्यंत ब्रेक दाबू नका. मुलांना तर हात लावूच देऊ नका. आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जातच नाही. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगर प्रवासात हमखास वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण कात्रज घाटात सर्वांत हलक्या गिअरवर टाकलीत की चेन चाकाच्या तारांत जाते.

म्हणून आम्ही फिटिंगची मजुरी घेतो. "चार नट तर आवळायचेत" असं म्हणणाऱ्यांनी एकदा स्टुलावर बसून बघावं. पुढच्या चाकाचे कोन (छर्ऱ्यांना दाबून धरणारे नट) आम्ही खोलतो, कारण नव्या सायकलीत ते बऱ्याचदा नको इतके आवळलेले असतात आणि ग्रीस नावाला असतं. दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे डुलणं, बघतो, हँगर गेजवर सरळ करतो, पायडलांच्या आट्यांना ग्रीस लावतो. ते नसेल तर दोन पावसाळ्यांनंतर पायडल काढायला खरोखरच पाईप लागतो. यात दीड तास जातो. सायकल कुठून घेतली यावर मजुरी बदलत नाही. बाहेरून घेतली म्हणून आम्ही तोंडही वाकडं करत नाही. घरी अर्धी जोडून बिघडवलेली सायकल आली तर मात्र आधी उकलायचे पैसे वेगळे लागतात. ते घेताना आम्हालाही बरं वाटत नाही.

आमच्याकडून घेतलेल्या सायकलीचं फिटिंग किमतीतच धरलेलं असतं, महिन्याभरानंतरची पहिली सर्व्हिसिंगही. तोवर नव्या केबली बसलेल्या असतात, चाकाच्या तारा थोड्या सैलावलेल्या असतात, तेव्हा ती चुकवू नका. ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त मिळते हे आम्हालाही माहीत आहे. एवढंच करा, मागवण्याआधी एकदा दुकानात येऊन मापाच्या सायकलीवर बसून बघा. "सव्वीसची बघितलीय" असं सांगतात, पण २६ हा चाकाचा आकडा, फ्रेमचा नव्हे. चाक तेच ठेवून फ्रेम लहान-मोठी येते, आणि पाठ दुखते ती फ्रेमने. बसून बघायचे पैसे नाहीत.

फिटिंगसाठी सायकल मंगळवार ते गुरुवार आणा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल. दोनशे किलोमीटरची ब्रेवे (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) असेल तर आठवडाभर आधी, आदल्या रात्री नव्हे. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, पुण्यात हे वेगळं सांगायला नको. आणि खोकं रद्दीत घालण्याआधी तळाशी हात घालून बघा. चाकाचा नट, वायसर असलेली छोटी पिशवी तिथेच पडलेली असते. ती आणि पायडलं तशीच घेऊन या.