तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचताना

भाद्रपद लागला की मराठी लिहिणाऱ्यांच्या घरी दिवाळीची लगबग सुरू होते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि तेव्हापासून गणपतीच्या आगेमागे कथा, लेख, अनुवाद आणि मुद्रितशोधन यांच्या मुदती एकाच वेळी येऊन उभ्या राहतात. या हंगामातली एक वेळ माझ्या चांगल्या ओळखीची आहे. दुपारचे चार वाजलेले असतात, सकाळपासून बैठक मोडलेली नसते, समोर मुद्रिताचे पान असते आणि एकच वाक्य तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. अशाच एका दुपारी ‘दिर्घ’ हा शब्द माझ्या डोळ्यांखालून दोनदा गेला आणि त्यातली पहिली वेलांटी चुकली आहे हे मला दिसले नाही. मी पेन खाली ठेवले, ‘जरा विसावा घेऊ’ म्हणून फोन उचलला आणि पाऊण तासाने तो ठेवला तेव्हा डोके आधीपेक्षा जड झाले होते.

हा विसावा फसला, कारण नेमके काय थकले आहे हेच मी ओळखले नव्हते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. हे वाचले की विचार करकरून मेंदूतले इंधन संपत असावे, असे वाटते. प्रत्यक्षात हा खर्च आपण स्वस्थ पडून असतानाही जवळजवळ तेवढाच चालू असतो आणि एखादे अवघड काम हाती घेतल्यावर त्यात पडणारी भर अगदी थोडी असते. त्यामुळे डोके शिणले म्हणून गोडधोड खाण्याने जिभेला बरे वाटते, शिणवटा मात्र तसाच राहतो.

मग थकते ते काय? पॅरिसमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून याचा एक धागा हाती लागतो. त्यांनी काही स्वयंसेवकांना सहा तासांहून अधिक काळ स्मरणाची आणि लक्षाची अवघड कामे दिली, तर दुसऱ्या गटाला तशीच पण सोपी कामे दिली. चुंबकीय लहरींच्या साहाय्याने मेंदूतील रसायने मोजली, तेव्हा अवघड काम करणाऱ्यांच्या कपाळामागील भागाच्या बाह्य बाजूस ग्लुटामेट या रसायनाचे प्रमाण वाढलेले आढळले. हे रसायन चेतापेशींमधील निरोप्याचे काम करते, परंतु ते साचत गेले तर तो भाग कामाला लावणे अधिकाधिक महाग पडते, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. दिवस सरताना ही माणसे कमी कष्टाच्या आणि लगेच हाती पडणाऱ्या मोबदल्याकडे झुकू लागली होती. एका प्रयोगावरून सगळे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, पण दुपारी चार वाजता माझा हात फोनकडेच का गेला, याचे इतके पटणारे स्पष्टीकरण मला दुसरीकडे मिळालेले नाही.

कपाळामागचा हाच भाग लेखकाला दिवसभर लागतो, कारण शब्द निवडणे, नको तो शब्द दूर ठेवणे आणि वाक्याचा आरंभ लक्षात ठेवून शेवट गाठणे ही सगळी त्याचीच कामे आहेत. फोनवरही आपण हेच करतो, म्हणजे वाचतो, निवडतो, नाकारतो आणि उत्तर द्यावे की नाही हे ठरवतो. शिवाय डोळ्यांचे कामही थांबत नाही. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आवळलेला राहतो आणि पडद्यावर नजर खिळली की पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच घटते, म्हणून डोळे चुरचुरतात. पाच-सहा मीटरपलीकडे पाहिले की तो स्नायू सैल पडतो. खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे दोन मिनिटे पाहत राहणे हे फोनपेक्षा खरोखर अधिक विश्रांतीचे आहे.

त्याहून उत्तम उपाय म्हणजे पायांत चपला घालून बाहेर पडणे. चार्ल्स डार्विन यांच्या केंटमधील घरामागे एक वाळूचा रस्ता होता आणि त्यावरून ते दररोज फेऱ्या मारीत. फेऱ्या मोजण्यात लक्ष गुंतू नये म्हणून ते वळणावर गारगोट्यांचा ढीग ठेवत आणि प्रत्येक फेरीला एक गारगोटी पायाने बाजूला सारत. मला या गारगोट्यांचे फार कौतुक वाटते, कारण मोजण्याचे कामही डोक्यातून काढून पायांवर सोपवण्याची ती युक्ती होती. लक्षाला अशी सुट्टी मिळाली की मेंदूत काय घडते, हे बऱ्याच उशिरा कळले. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की, माणूस काहीही काम न करता पडून असताना मेंदूतील काही ठरावीक भाग अधिक सक्रिय असतात आणि काम हाती घेताच त्यांची हालचाल मंदावते. आठवणींची उजळणी, पुढची कल्पना, दुसऱ्याच्या मनात डोकावणे या गोष्टी याच भागांशी निगडित आहेत. कथा लिहिणाऱ्याचा कच्चा माल याहून वेगळा तो काय असतो?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली चालण्याचा परिणाम मोजला. एखाद्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवा, अशा प्रकारच्या चाचणीत चालणाऱ्यांची नवकल्पकता बसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी अधिक भरली. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालण्याच्या यंत्रावर चालले तरीही फायदा झाला आणि परत येऊन बसल्यावरही तो काही काळ टिकला. याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ज्या कोड्याचे एकच अचूक उत्तर शोधायचे होते, त्यात चालणारे किंचित मागे पडले. म्हणजे कथेची गाठ सुटत नसेल तर फेरफटका मारावा, परंतु चालता चालता शुद्धलेखन तपासण्याचा अट्टहास करू नये.

चालायला जाणे शक्य नसेल, तर आपल्याकडे वामकुक्षी आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे पडावे, गाढ झोपू नये, ही जुनी शिस्त मला पॅरिसमधील आणखी एका प्रयोगामुळे नव्याने आठवली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १०३ जणांना आकड्यांची किचकट कोडी सोडवायला दिली होती आणि त्यांत एक सोपी पळवाट दडलेली होती. मध्ये २० मिनिटे अंधाऱ्या खोलीत हातात एक वस्तू धरून आरामखुर्चीत पडायचे, म्हणजे डोळा लागून हात सैल पडला की ती खाली पडून आवाज होईल, अशी योजना होती. एडिसन अशीच डुलकी घेत, असे सांगतात. जे पूर्ण जागे राहिले त्यांच्यापैकी ३० टक्के लोकांना ती पळवाट सापडली. जे झोपेच्या उंबरठ्यावर किमान १५ सेकंद रेंगाळले त्यांच्यापैकी मात्र ८३ टक्के लोकांना ती सापडली आणि जे त्याहून खोल झोपेत गेले त्यांचे प्रमाण अवघे १४ टक्के होते. तासभर गाढ झोपून उठल्यावर काही वेळ जी गुंगी राहते, तिचा अनुभव सर्वांनाच असेल. त्यामुळे कामाच्या दिवशी डुलकी वीस मिनिटांतच आटोपावी, हे बरे.

चहाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साचत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. चहातले कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या मेंदूत बसण्याच्या जागा अडवते, त्यामुळे थकवा जाणवत नाही इतकेच, तो जात नाही. शरीरातील निम्मे कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो.

मन अगदीच धावत असेल तेव्हा श्वासाचा आधार घ्यावा. इटलीतील लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ साली २३ जणांवर केलेल्या अभ्यासात लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळ आणि योगातील मंत्र या दोहोंची तुलना केली, तेव्हा दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही तिच्याशी जुळते, असे दिसले. प्राणायामाचे असे मोजमाप करण्याची सुरुवात स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ सालापासूनच केली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. जपाचे शब्द कोणतेही असोत, लांबलेला उच्छ्वास महत्त्वाचा असतो.

एवढे करूनही रात्री अंथरुणात अपुरे लेख डोळ्यांसमोर नाचतात. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ जणांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वी पाच मिनिटे काही जणांनी पुढे करायच्या कामांची यादी लिहिली, तर इतरांनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली आणि ज्यांची यादी अधिक तपशीलवार होती त्यांना ती आणखी लवकर लागली. तेव्हापासून मी उशाशी एक वही ठेवतो. तीत ‘लेख पूर्ण करणे’ असे न लिहिता ‘पान ४, दुसरा परिच्छेद, उदाहरण बदलणे’ असे लिहितो आणि दिवा मालवतो. त्या दिवशीचे मुद्रितही मी असेच अर्धे ठेवून निजलो होतो. सकाळी सात वाजता पान उघडले आणि चहा यायच्या आत ‘दिर्घ’ची ती ऱ्हस्व वेलांटी आपसूक नजरेत भरली.