४६ लाख जाती आणि एक मोकळा रकाना

येत्या जनगणनेत जात विचारायची, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. जात विचारावी की नाही, यावर तेव्हापासून भरपूर बोलून झालं. ती विचारायची कशी, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. कारण हा प्रश्न २०११ मध्ये एकदा विचारून झालेला आहे.

त्या साली जनगणनेपासून वेगळी अशी सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना सुरू झाली. हातात टॅबलेट घेऊन माणसं दारोदार गेली. जातींची यादी आधी तयार केलेली नव्हती. घरचा माणूस सांगेल ते लिहून घ्यायचं. पुढे ओबीसींची ती आकडेवारी मिळावी म्हणून महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं, की १९३१ च्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, ४,१४७ जाती होत्या, या गणनेत ४६ लाखांहून जास्त निघाल्या. एकट्या महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून सरकारी यादीत ४९४ नावं. गणनेत आली ४,२८,६७७.

लोक खोटं बोलले म्हणून असं झालं नाही. एक जण ‘कुणबी’ म्हणतो, दुसरा ‘तिरळे कुणबी’, तिसरा नुसतंच ‘पाटील’. भंडारा-गोंदियाकडे पोवार ही जात आहे. एक मात्रा हलली की ती पवार होते, आणि ते तर आडनाव. केरळातल्या मापिळा समाजाचं नाव चाळीस तऱ्हांनी लिहिलं गेल्याचं त्याच प्रतिज्ञापत्रात आहे. माणसाला हे सगळं एकच वाटतं, यंत्र प्रत्येक स्पेलिंगला वेगळी जात समजतं.

खानेसुमारी हा शब्द फारसीतून आला. त्यातले ‘खाने’ म्हणजे घरं, ‘सुमारी’ म्हणजे मोजणी. मला मात्र तो नेहमी रकान्यांची सुमारी असाच ऐकू येतो. १८७२ ची पहिली मोजणी देशभर एकाच वेळी झालेली नव्हती. १७ फेब्रुवारी १८८१ ची मोजणी ही पहिली एकाच वेळची. इंग्लंडमध्ये १८४१ पासून कुटुंबप्रमुखाच्या हाती कागद देऊन तो त्यालाच भरायला लावत. इथे ते शक्यच नव्हतं. कागद प्रगणकाच्या हातात राहिला आणि आजवर बहुतेक तसाच आहे. म्हणजे आपल्याकडे फॉर्म सोपा हवा तो उत्तर देणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्यासाठीही: बहुधा उन्हात उभ्या असलेल्या प्राथमिक शिक्षकासाठी. वयाचंच बघा. रकान्याला पूर्ण वर्षं हवी असतात आणि आजी सांगते, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पोटात होता.’ हिशेब प्रगणकानेच करायचा. तो न जमलेल्यांची वयं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशा गोल आकड्यांवर गोळा होतात, हे लोकसंख्येच्या अभ्यासकांना जुनंच माहीत आहे.

शब्दांची खरी ताकद दिसली ती बायकांच्या कामाच्या प्रश्नात. १९६१ मध्ये हंगामी कामाची अट सैल होती: हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलं, तरी बाई कामकरी धरली जाई. १९७१ मध्ये विचारलं, मुख्य उद्योग काय? शेतात राबून घरी चूल पेटवणाऱ्या बाईचं उत्तर ठरलेलं, ‘घरकाम’. कामकरी बायकांचा आकडा दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. शेतं तीच होती, खुरपीही तीच. १९८१ मध्ये ‘गेल्या वर्षात कधीतरी काम केलं का?’ असा प्रश्न आला, आणि १९९१ मध्ये त्याला कंस जोडला: शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून. त्या कंसासाठी बायकांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना झगडावं लागलं होतं. माझ्या मते आपल्या जनगणनेतली ती सगळ्यात मोलाची दुरुस्ती.

मग जातीला यादी देऊन निवडायला सांगावं का? यादीत नाव नसलेला माणूस ‘इतर’मध्ये जाणार, आणि ‘इतर’ म्हणवून घ्यायला कोण राजी होईल? शिवाय यादी करणाराच आधी ठरवून टाकणार, की तिरळे कुणबी वेगळे की कुणब्यांतलेच. १९३१ पर्यंत हे काम मोजणीनंतर व्हायचं. जमलेल्या नावांची जुळवाजुळव कचेरीत बसून केली जाई. ४,१४७ हा आकडाही असाच चाळून निघालेला आहे.

मातृभाषेचा रकाना आजही मोकळाच असतो. २०११ च्या जनगणनेत त्यात १९,५६९ वेगवेगळी नावं आली. भाषातज्ज्ञांनी ती तपासून १,३६९ मातृभाषा नक्की केल्या, १,४७४ नावं अवर्गीकृत म्हणून बाजूला काढली. हे सगळं उरकून भाषेची आकडेवारी बाहेर आली २०१८ मध्ये.