प्रश्न टाकला की दहापर्यंत मोज

2020 च्या लॉकडाऊनमध्ये नौपाड्यातली आमची बारावीची अख्खी बायोलॉजीची बॅच स्क्रीनवर आली, कॅमेरे बंद, माईक म्यूट, समोर नुसते नावांचे काळे चौकोन. पहिला महिना मी सलग पाऊण तास बोलत सुटायचे. मग दर पाच-सात मिनिटांनी थांबून एक प्रश्न टाकायला लागले, उत्तर फक्त मलाच दिसेल असं पाठवायचं, आणि वर्गात कधी हात वर न केलेली पोरंसुद्धा टाइप करायला लागली.

हे परत आठवलं ते ऐरोलीच्या भाचीमुळे. ती शनिवारी रात्री यूट्यूबवर लाइव्ह रहस्यकथा सांगते, आवाज छान, लाइट वगैरे नीट, तरी बघणाऱ्यांच्या संख्येचा ग्राफ दाखवून म्हणाली, "मावशी, बघ ना, इथेच सगळे निघून जातात गं."

फिलिप गुओ या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या कोर्सेसची 69 लाख व्हिडिओ सेशन्स तपासली होती, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांच्या आतच गळत होते. म्हणून आता सगळे म्हणतात, छोटं करा, कापा. मला हे अर्धंच पटतं, कारण 2013 मध्ये कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी 21 मिनिटांचं एक ऑनलाइन लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं, एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी टेस्ट दिली, आणि त्या गटाचं मन भरकटणं जवळजवळ निम्म्यावर आलं, नोट्सही त्यांनी जास्त काढल्या. लेक्चर तेच, लांबी तीच! म्हणजे माणूस नुसत्या लांबीला कंटाळत नाही, डोक्याला काही काम नसलं की कंटाळतो. आपल्या मेंदूत एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी धरून ठेवता येतात, प्रश्न आला की त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरतं, आणि एकदा का आपण अंदाज बांधला की तो बरोबर होता का हे कळेपर्यंत चैन पडत नाही.

भाचीनं लगेच प्रश्न सुरू केले. "चावी कोणाकडे होती?" असं विचारलं आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळी. शिक्षकांचं अगदी हेच होतं, मेरी बड रो या बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात.

पण लाइव्हमध्ये तीनही पुरत नाहीत. आम्ही तिच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी फोन ठेवून तोच लाइव्ह लावला, ती लॅपटॉपसमोर उत्तर देऊन पुढच्या वाक्यावर गेली होती तेव्हा फोनवर कुठे प्रश्न ऐकू आला! बघणाऱ्यांना संधीच मिळत नव्हती. सेटिंगमध्ये लेटन्सी, म्हणजे बोललेलं बघणाऱ्यापर्यंत पोचायला लागणारा उशीर, कमी केली, आणि तिला सांगितलं, मनात दहापर्यंत मोज, तेवढ्यात आलेली नावं वाच, चुकलेली उत्तरंसुद्धा, "वॉचमनवर संशय? का बरं?" असं विचार. चुकीचा अंदाजही वाया जात नाही, आधी चुकून मग खरं उत्तर कळलं की ते जास्त पक्कं लक्षात राहतं, हे नेट कॉर्नेल या मानसशास्त्रज्ञाच्या आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगांत दिसलंय.

प्रश्न मात्र गोष्टीच्या पोटातलाच हवा. "आवडलं तर हार्ट टाका" यात विचार करण्यासारखं काहीच नाही, उलट गोष्टीचा धागा तुटतो.

गेल्या शनिवारी तिनं विचारलं, लिफ्ट चौथ्या मजल्यावरच का थांबली? चॅट शांत. तिनं पाणी प्यायलं, थांबली, मी तिथेच बसून मोजत होते. सातवर पहिलं उत्तर आलं, मग धडाधड, आणि ती आता सांगणार एवढ्यात एकानं लिहिलं, "ताई थांब, सांगू नकोस, मी जवळ आलोय."