पाणपोईचं पाणी आणि बाप्तिस्मा

'बाप्टिस्ट चर्चच्या पाणपोईचं पाणी प्यायलं किंवा त्यांच्या आरोग्य शिबिरात नाव लिहिलं, की बाप्तिस्मा होतो,' असं वर्षानुवर्षं पुढे पाठवलं जातं. बाप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ, आणि बाप्तिस्मा हा ख्रिस्ती होण्याचा विधी. पाठवणारे बहुधा काळजीपोटीच पाठवतात, पण तसं होत नाही.

बाप्टिस्ट परंपरेत बाप्तिस्मा म्हणजे माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून वर काढणं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं. त्याला कंबरभर पाण्याचा हौद नाहीतर नदी लागते. त्याआधी शिकवण, मग स्वतःच्या तोंडून विश्वासाची कबुली. कबुली नाही, तर बाप्तिस्मा नाही. म्हणूनच ते स्वतःच्या तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देत नाहीत, फार तर समर्पणाची प्रार्थना करतात. मग नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात घोटभर पाण्यासाठी थांबलेल्या रिक्षावाल्याचा बाप्तिस्मा कसा होईल?

शिबिराच्या वहीत सहसा नाव, वय, रक्तदाब, औषध एवढंच असतं. पुढच्या तपासणीला ते लागतं. चर्चच्या सभासदांची नोंदवही वेगळी. शंका असेल तर सहीआधी पानाचा मथळा वाचा, कोऱ्या कागदावर सही कुठेच करू नका. रविवारी उपासना संपल्यावर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, थेट विचारलं तरी चालतं.