गेटिसबर्गची रणभूमी : सहलीला निघण्यापूर्वी वाचण्यासाठी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेन्सिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग साधारण तीन तासांवर, वॉशिंग्टनहून दीड-दोन तासांवर. तिथे किल्ला नाही, तट नाही, बुरूज नाही. शेतं, लाकडी कुंपणं, दगडी गडगे, मधूनच एखादी तोफ आणि तेराशेच्या आसपास स्मारकं, एवढंच दिसतं. काय बघायचं ते आधी माहीत नसेल तर गाडीतून चोवीस मैलांची फेरी मारूनही "शेतंच तर आहेत" असंच वाटतं. म्हणून आमच्या सहलीला येणाऱ्यांसाठी हे पत्रक.

लढाई थोडक्यात

अमेरिकेच्या यादवी युद्धातली ही लढाई १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस चालली. एका बाजूला उत्तर, म्हणजे संघराज्य, दुसऱ्या बाजूला त्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं. उत्तरेचा सेनापती मीड. त्याच्याकडे सुमारे ९० हजार माणूस होतं आणि सूत्रं हाती येऊन त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. दक्षिणेचा सेनापती ली याच्याकडे ७० हजारांच्या थोडं वर. मेलेले, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता मिळून दोन्हीकडचे सुमारे ५१ हजार. गावाची वस्ती तेव्हा २,४०० होती.

पहिल्या दिवशी गावाच्या वायव्येला आणि उत्तरेला झुंज झाली, उत्तरेची फौज मागे रेटली गेली आणि गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर जाऊन बसली. हरून मिळालेली हीच जागा पुढे तिच्या कामी आली. नकाशावर ही रेषा माशाच्या गळासारखी दिसते: कल्प्स हिल हे गळाचं टोक, सेमेटरी हिल हा बाक, सेमेटरी रिज हा दांडा आणि लिटल राउंड टॉप हे दोरीचं भोक. गळाच्या आतल्या बाजूने माणसं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चटकन हलवता येत होती. लीला तेच अंतर बाहेरून वळसा घालून कापावं लागे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर दुसरा आणि तिसरा दिवस आपोआप समजतो.

२ जुलैला दक्षिणेने गळाच्या दोन्ही टोकांवर हल्ले केले. त्यातला लिटल राउंड टॉपचा भाग बहुतेकांनी ऐकलेला असतो. टेकडीचा पश्चिम उतार लढाईच्या आधीच झाडं तोडून मोकळा झालेला होता, त्यामुळे तिथून सगळं मैदान दिसत होतं. खडक डायबेसचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा जवळचा भाऊ. फरक एवढाच की हा शिलारस जमिनीच्या पोटातच हळूहळू थिजला. वर मातीचा थर पातळ, खंदक खणणं अशक्य. म्हणून सैनिकांनी सुटे धोंडे रचून गुडघाभर आडोसे केले. डाव्या टोकाला उत्तरेच्या मेन राज्याच्या विसाव्या पलटणीचा दारूगोळा संपत आला, तेव्हा कर्नल चेंबरलेनने संगिनी लावून उतारावरून चढाई केली.

३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या दीडशेच्या आसपास तोफा सुरू झाल्या. धुरात नेम कळेना, बरेच गोळे टेकडीच्या कण्यावरून पलीकडे पडले आणि पुढची रांग शाबूत राहिली. मग सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून निघाली. दक्षिणेच्या पिकेट या सेनानीच्या नावाने पिकेटची चढाई म्हणतात ती हीच. वाटेत एमिट्सबर्ग रस्त्याच्या दोन्ही कडांना खांबात अडकवलेलं भक्कम आडव्या फळ्यांचं कुंपण होतं. ते ढकलून पडत नव्हतं, चढूनच जावं लागे, आणि नेमका तिथेच छर्‍यांचा मारा बसला. निम्म्याहून अधिक माणसं परत आली नाहीत.

निर्णायक लढाई म्हणतात खरी, पण युद्ध पुढे एकवीस महिने चाललं. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग पडलं, आणि या दोन घटनांची बेरीज दक्षिणेला झेपली नाही. आपल्याकडच्या माणसाला यातला धागा मुंबईत सापडतो. उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखल्यामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तो मुंबईहून जाऊ लागला, मुंबईत पैसा ओतला गेला आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांचं वेड लागलं. एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करली आणि तो फुगा फुटला.

दगड आणि तोफा कशा वाचाव्यात

पलटणीचं मोठं स्मारक दिसलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला गुडघ्याएवढे दोन छोटे दगड शोधा. त्यांच्यावर पलटणीचं नाव आणि डावी की उजवी कड ते कोरलेलं असतं. या दोन दगडांमधलं अंतर म्हणजे त्या पलटणीची लढणारी रांग. एका जागी उभं राहून तीन-चार पलटणींचे असे दगड जोडत गेलात की रांग डोळ्यासमोर उभी राहते. माहितीच्या फलकावरून हे कळत नाही, म्हणून आम्ही हे काम तुम्हालाच करायला लावतो.

ब्रिगेडच्या, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या तुकडीच्या, कांस्य पाट्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर असतात. चौथरा चौकोनी असेल तर उत्तरेची ब्रिगेड, गोल असेल तर दक्षिणेची. दुरूनही ओळखता येतं.

तोफांचे तीन प्रकार पुरेत. हिरवट गंज चढलेली, जाड अंगाची कांस्याची तोफ म्हणजे नेपोलियन. तिच्या तोंडाशी फुगवटा असला तर बहुधा उत्तरेची. दक्षिणेत ओतलेल्या बहुतेक नळ्या तोंडाशी सरळ असतात. काळी, सडपातळ, अंगावर एकही कडं नसलेली म्हणजे तीन इंची ऑर्डनन्स रायफल. मागच्या बाजूला जाड लोखंडी पट्टा चढवलेली म्हणजे पॅरट. नळीच्या तोंडावर वजन, साल आणि तपासनिसाची आद्याक्षरं कोरलेली असतात. गाडे मात्र त्या काळचे नाहीत: मूळ लाकडी होते, आज दिसतात ते नंतर ओतलेले बिडाचे. त्यांच्यावर चढून फोटो काढू नका. रंग खरवडला की आतून गंज धरतो.

घोड्याच्या पुतळ्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी झाला, दोन असतील तर मेला, असं सांगणारे अजून भेटतात. दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याचा १९९८ चा पुतळा बघा. घोड्याचा एक पाय वर आहे, आणि लाँगस्ट्रीटला इथे ओरखडाही उठला नव्हता.

ही जागा राखली कशी

लढाई होऊन वर्ष उलटायच्या आत, एप्रिल १८६४ मध्ये, जागा विकत घेऊन जपणारी मंडळी कायद्याने स्थापन झाली. १८९५ मध्ये ती जमीन संघराज्याच्या युद्ध खात्याकडे आली, १९३३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. मधली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १८९३ मध्ये एका कंपनीने पर्यटकांसाठी विजेची ट्राम टाकायला घेतली आणि डेव्हिल्स डेन या मोठाल्या धोंड्यांच्या जागेजवळचे खडक सुरुंगाने उडवले. सरकारने जमीन सक्तीने घ्यायचं ठरवलं, कंपनी कोर्टात गेली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की रणभूमी जपणं हेही सार्वजनिक कामच आहे, त्यासाठी सरकार मोबदला देऊन जमीन घेऊ शकतं. अमेरिकेतल्या वारसा-जतनाचा पाया या निकालात आहे. (ट्राम मात्र त्यानंतरही वीसेक वर्षं धावलीच.)

याच अधिकाराने पुढे तीनशे फुटांहून उंच खाजगी मनोरा सरकारने ताब्यात घेतला आणि ३ जुलै २००० रोजी स्फोटकं लावून पाडला. २०१३ मध्ये सेमेटरी रिजवरची सायक्लोरामाची, म्हणजे लढाईच्या गोलाकार चित्राची, जुनी इमारत पाडली. त्यावर वाद झाला, आणि तो साधा नव्हता: इमारत रिचर्ड नॉइट्रा या नामवंत वास्तुकाराची होती, म्हणजे एक वारसा मोकळा करायला दुसरा मोडावा लागला. लीच्या मुख्यालयाच्या घराशेजारचं मोटेल एका जतन संस्थेने विकत घेऊन पाडलं. २०१६ पासून तिथे पुन्हा मोकळी जमीन आहे.

इथे झाडं तोडणं हेही जतनच आहे, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. १८६३ मध्ये जिथे शेत होतं तिथे नंतर रान माजलं, त्यामुळे कुणाला काय दिसत होतं तेच कळेनासं झालं. गेली पंचवीस वर्षं असं रान काढून शेतं मोकळी करणं, फळबागा पुन्हा लावणं, नागमोडी कुंपणं उभी करणं चालू आहे. शेतं आसपासच्या शेतकऱ्यांना कसायला दिलेली आहेत. हरणांची संख्या वाढली की ती पिकं आणि जंगलातली कोवळी रोपं खातात, म्हणून १९९५ पासून ठरावीक काळात त्यांची शिकार करवून घेतात.

लिटल राउंड टॉपवर पायांनीच इतकी धूप झाली की टेकडी जुलै २०२२ मध्ये बंद करावी लागली. जून २०२४ मध्ये ती पक्क्या वाटांसह उघडली. वाट सोडून कातळावर जाऊ नका.

दिवस कसा जाईल

उद्यानात प्रवेशाला पैसे नाहीत. संग्रहालय, चित्रफीत आणि सायक्लोरामाचं तिकीट लागतं. सायक्लोरामा म्हणजे ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच गोलाकार चित्र. त्याची वेळ ठरलेली असते, चुकली तर पुढच्या खेळापर्यंत थांबावं लागतं. म्हणून आम्ही पहिल्यांदा तिथेच जातो. मग परवानाधारक मार्गदर्शक आपल्या गाडीत बसतात. ही परीक्षा घेऊन परवाना देण्याची पद्धत १९१५ पासूनची आहे. ते इंग्रजीत बोलतात, आमचा माणूस मराठीत सांगत जातो.

लिटल राउंड टॉप भर दुपारी बघू नका. वाहनतळ भरलेला असतो आणि ऊन कातळावरून परत अंगावर येतं. आम्ही तिथे दुपारी चारनंतर जातो. पश्चिमेकडून तिरपा प्रकाश आला की मैदानातले उंचवटे-खोलगटे स्पष्ट दिसतात. पिकेटच्या चढाईची वाट व्हर्जिनिया स्मारकापासून कापलेल्या गवतातून जाते: पाऊण ते एक मैल, रमतगमत अर्धा तास. मधे एमिट्सबर्ग रस्ता ओलांडताना सांभाळा, तो चालू रस्ता आहे. गुडघे दुखणाऱ्यांना आम्ही पलीकडच्या टोकाला गाडीने सोडतो. पण जमत असेल तर चालाच. सपाट दिसणाऱ्या शेतात अशा खोल घड्या आहेत की मधेच समोरची टेकडी पूर्ण नाहीशी होते; गाडीतून ते कधीच कळत नाही.

राष्ट्रीय सैनिक स्मशानभूमीत शेवटचा तास. कबरी अर्धवर्तुळात, राज्यवार, सगळ्या सारख्या. ९७९ जणांची नावं कळलेली नाहीत. १९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकन इथे दोनेक मिनिटं बोलले. त्यांच्या आधीचे वक्ते एव्हरेट दोन तास बोलले होते.

सोबत पाणी, टोपी, बंद बूट आणि पूर्ण लांबीची पँट हवी. उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. तेल लावू नका, काडीने जाळू नका. धातुशोधक यंत्र वापरणं आणि ड्रोन उडवणं बंद आहे. सापडलेली गोळी, दगड, पान काहीही उचलू नका. १ ते ३ जुलैच्या आसपास गर्दी फार असते, त्या आठवड्यात आम्ही सहल ठेवत नाही. ढग गडगडू लागले तर उघड्या टेकड्या लगेच सोडतो आणि राहिलेला वेळ संग्रहालयात काढतो. त्यासाठी तिकीट सकाळचंच जपून ठेवा.