टार सँड्स : तेल निघालं, साफसफाईचं बिल तसंच राहिलं

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या काठाने जमिनीत जे आहे ते आपल्या डोळ्यांसमोर येतं तसलं तेल नाहीच. वाळू, चिकणमाती, पाणी आणि त्या सगळ्याला चिकटून बसलेलं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखा काळा पदार्थ, थंडीत दगडासारखा कडक. यालाच टार सँड्स म्हणतात. तिथले मूळनिवासी क्री लोक बिट्युमेन झाडाच्या डिंकात मिसळून होड्यांच्या फटी बुजवायला वापरायचे. आज कॅनडा तेलसाठ्यांच्या यादीत जगात पहिल्या चारांत असतो तो जवळजवळ पूर्णपणे या वाळूच्या जोरावर.

आता एक बॅरल तेलासाठी काय करावं लागतं ते बघा. आधी जंगल तोडायचं, दलदल उपसायची, मग साधारण 2 टन वाळू खणायची, ती गरम पाण्यात घुसळून बिट्युमेन वेगळं करायचं, आणि एवढं करून ते इतकं घट्ट की पातळ करणारं रसायन मिसळल्याशिवाय पाइपलाइनमधून पुढे सरकत नाही. जिथे साठा खोल आहे (आणि बहुतेक साठा खोलच आहे) तिथे नॅचरल गॅस जाळून वाफ करायची, ती जमिनीत सोडायची आणि वितळलेलं वर ओढायचं. म्हणजे साधं तेल काढायला लागते त्याच्या कितीतरी पट एनर्जी तेल हाती यायच्या आधीच खर्च होते. हे तेल महाग का आणि घाण का, याचं उत्तर एकच आहे, म्हणून पर्यावरणाची रिस्क आणि पैशाची रिस्क वेगवेगळी मोजायची पद्धत मला पहिल्यापासून चुकीची वाटते.

गरम पाण्याची ही पद्धत कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात बसवली, पण धंदा म्हणून ती चालायला 1967 उजाडलं, ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स या कंपनीचा प्लांट त्या वर्षी सुरू झाला. मधल्या काळात, 1958 च्या सुमारास, एका अमेरिकन तेल कंपनीने जमिनीखाली अणुबॉम्ब फोडून त्या उष्णतेने बिट्युमेन वितळवायचा प्लॅन मांडला होता आणि सरकारी पातळीवर तो सिरियसली तपासलाही गेला. पुढे कॅनडाने अणुचाचण्यांच्या विरोधात भूमिका घेतली म्हणून बारगळला. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले तरी दुसरा मोठा प्रोजेक्ट, सिनक्रूड, बुडायच्या बेतात आला कारण खर्च वाढत चालला म्हणून एक मोठा पार्टनर बाहेर पडला, आणि 1975 मध्ये केंद्र सरकार, अल्बर्टा आणि ऑन्टारिओ या तिघांनी जनतेचा पैसा घालून तो वाचवला. हे लक्षात ठेवा, कारण पुढेही हेच होत आलंय.

घुसळून उरलेलं पाणी जातं टेलिंग्ज पाँडमध्ये. नाव पाँड असलं तरी मैलोनमैल पसरलेले तलाव आहेत ते, आता मिळून 1 लाख कोटी लिटरच्या वर गाळ-पाणी त्यात साठलंय आणि त्यातली बारीक माती दशकानुदशकं खाली बसत नाही. एप्रिल 2008 मध्ये आजूबाजूची सगळी तळी अजून गोठलेली होती, हे पाणी मात्र मोकळं, त्यामुळे स्थलांतर करणारी बदकं नेमकी सिनक्रूडच्या पाँडवर उतरली. पक्ष्यांना हुसकावायच्या आवाजी तोफा अजून लावलेल्या नव्हत्या. वर तरंगणारं बिट्युमेन पिसांना चिकटलं की बदक उडू शकत नाही, ते बुडतं. आधी 500 चा आकडा सांगितला गेला, नंतर तो 1,606 निघाला. दंड झाला 30 लाख कॅनेडियन डॉलर.

2010 चा जुलै तर याहून वाईट. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एन्ब्रिज या कंपनीची, हेच पातळ केलेलं बिट्युमेन नेणारी पाइपलाइन फुटली, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते पण तिथल्या लोकांना वाटलं लाइनमध्ये पोकळी झालीय, म्हणून पंप परत चालू केले. लाइन शेवटी बंद व्हायला 17 तास गेले. पातळ करणारं रसायन हवेत उडून गेलं आणि जड बिट्युमेन कॅलामझू नदीच्या तळाला जाऊन बसलं, पाण्यावरचा तवंग गोळा करायच्या नेहमीच्या पद्धती तिथे काय कामाच्या? साफसफाईचा खर्च 1 अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

गुंतवणूकदार जागे व्हायला लागले ते याच वर्षी. एप्रिल 2010 मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या सर्वसाधारण सभेत शेअरहोल्डर्सनी ठराव आणला की सनराइज या टार सँड्स प्रोजेक्टमधल्या रिस्कचा हिशोब द्या. ठराव पडला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. 2014 ला भाव कोसळले आणि ज्या प्रोजेक्टचा खर्च वसूल व्हायलाच काही दशकं लागतात त्यांचं गणित फिसकटलं. 2017 मध्ये एक्सॉनमोबिलने कर्ल खाणीतला साधारण साडेतीन अब्ज बॅरलचा साठा हिशोबातून काढला, शेल आणि कोनोकोफिलिप्स आपला मोठा हिस्सा विकून निघाल्या. उत्पादन मात्र थांबलं नाही, कॅनेडियन कंपन्यांनी ते घेतलं आणि 2022 मध्ये भाव चढल्यावर भरपूर कमावलं, पण त्यामुळे रिस्क संपली असं मी म्हणणार नाही, ती फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. बऱ्याचदा करदात्याच्याच. 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रान्स माउंटन पाइपलाइन साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरला विकत घेतली आणि 2024 मध्ये विस्तार पूर्ण होईपर्यंत त्या कामाचा खर्च 34 अब्जांवर पोचला. हे तेल अमेरिकेत नेणारी कीस्टोन एक्सएल पाइपलाइन अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेननी 2021 मध्ये रद्द केली तेव्हा तिच्यात पैसा घातलेल्या अल्बर्टा सरकारचे 1 अब्जाहून जास्त बुडाले.

आणि खाणी बंद झाल्यावर जमीन पूर्ववत कोण करणार? 2015 मध्ये अल्बर्टाच्या ऑडिटर जनरलने दाखवलं की साफसफाईचा अंदाजे खर्च 20.8 अब्ज डॉलर आणि कंपन्यांकडून घेतलेली हमी फक्त 1.57 अब्ज. याचं कारण नियमातच आहे. जमिनीत शिल्लक असलेलं तेल हीच कंपनीची मालमत्ता धरली जाते, आणि पूर्ण हमीकडे नेणारी रक्कम साधारणपणे साठा 15 वर्षांचा उरला की भरायला सुरुवात होते. भाव पडले तर त्या मालमत्तेची किंमत पडते, आणि नेमकं तेव्हाच जास्त हमी मागायची वेळ येते, म्हणजे कंपनीच्या हातात पैसा सगळ्यात कमी असतो तेव्हा.