गिब्सन फायरबर्ड : १९७२ची मर्यादित पुनर्निर्मिती

गिब्सन कंपनीने १९७२ साली फायरबर्ड फाइव्ह या इलेक्ट्रिक गिटारीची काढलेली मर्यादित आवृत्ती. प्रत्येक गिटारीवर क्रमांक कोरलेला गोल धातूचा बिल्ला बसवला होता, त्यामुळे संग्राहक तिला ‘मेडॅलियन फायरबर्ड’ म्हणतात. या तुकडीत साडेतीनशेच्या आसपास गिटारी निघाल्या. बाजारात फारशी न चाललेली आणि उत्पादनातून काढून टाकलेली गिटार वादकांच्या मागणीमुळे कंपनीने पुन्हा, पण हात राखून बनवली. पुढे या धंद्यात ‘रीइश्यू’ नावाने जो मोठा व्यवहार उभा राहिला, त्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे.

मूळ गिटार. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस गिब्सनची प्रतिमा वडीलधाऱ्या, जरा सोवळ्या कंपनीची होती. कॅलिफोर्नियातल्या फेंडरच्या गिटारी रंगीत, चपळ आणि तरुणांच्या आवडीच्या होत्या. त्याला उत्तर म्हणून गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या टोकदार आकाराच्या गिटारी काढल्या, पण दोन्ही सपशेल पडल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी गिटारवाला सोडून थेट मोटारींचे डिझाइन करणारा माणूस गाठला. रे डिट्रिच हे ‘लबॅरन’ या मोटारबॉडी बांधणाऱ्या संस्थेचे एक संस्थापक. ते निवृत्तीनंतर मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी राहायला आले होते, आणि गिब्सनचा कारखानाही तिथेच होता. डिट्रिच यांनी एक्सप्लोररची टोके घासून गोल केली, मधला भाग उंच ठेवला आणि १९६३ मध्ये फायरबर्ड बाजारात आली. पांढऱ्या पिकगार्डवरच्या (बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेल्या पट्टीवरच्या) लाल पक्ष्याचे रेखाटनही त्यांचेच.

वन, थ्री, फाइव्ह आणि सेव्हन असे चार प्रकार होते. वनला एकच पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि किंमत १८९.५० डॉलर. सेव्हनला तीन पिकअप, एबनीचा फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी), सोनेरी मुलामा आणि किंमत ४४५ डॉलर. नेहमीच्या सनबर्स्टखेरीज (मध्ये फिकट, कडेला गडद अशा रंगाखेरीज) पंधरा डॉलर जादा भरून दहा रंगांतून निवड करता येई. पेलम ब्लू, इन्व्हर्नेस ग्रीन, कार्डिनल रेड, हेदर ही नावे वाचताना मोटारीच्या शोरूममध्ये उभे असल्यासारखे वाटते. याच घराण्यातला बास म्हणजे थंडरबर्ड.

या गिटारीचे खरे वैशिष्ट्य मात्र रंगात नव्हते. लेस पॉलसारख्या गिब्सनच्या इतर गिटारींत नेक (गिटारीची मान) वेगळा करून बॉडीत चिकटवतात. फायरबर्डमध्ये हेडस्टॉकपासून (खुंट्या बसवलेल्या डोक्यापासून) शेपटापर्यंत एकच लांब फळी जाते. ही फळीही अखंड लाकडाची नसते. महोगनीच्या पाच पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये अक्रोडाच्या चार पातळ पट्ट्या, अशा नऊ थरांची ती असते. उरलेली बॉडी म्हणजे या फळीला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले पंख. गिटार उलटी करून पाठीकडून पाहिली की अक्रोडाच्या काळसर रेघा मानेपासून तळापर्यंत सलग धावताना दिसतात. जुनी फायरबर्ड तपासणारा माणूस आधी या रेघा पाहतो, रंगाकडे मग बघतो.

पिकअपही वेगळे. आकार मिनी-हंबकरचा (घरघर मारणाऱ्या दोन कॉइलच्या ‘हंबकर’ पिकअपच्या छोट्या रूपाचा), पण नेहमीच्या हंबकरमध्ये दोन कॉइलखाली मिळून एक चुंबक असतो, तर इथे प्रत्येक कॉइलच्या पोटात अल्निको या चुंबकीय मिश्रधातूची स्वतंत्र पट्टी असते. वरून अखंड धातूचे झाकण, त्यावर एकही स्क्रू नाही. आवाज धारदार आणि मोकळा येतो. हंबकरइतका जाड नाही आणि सिंगल कॉइलसारखी घरघरही नाही. बाजारात फायरबर्डचे म्हणून विकले जाणारे कितीतरी पिकअप फक्त झाकणाने तसे असतात, आत साधे मिनी-हंबकर निघतात.

का चालली नाही. दोष उघड होते. हेडस्टॉक उलटा होता आणि त्यावर बँजोसारख्या, मागून सरळ आत जाणाऱ्या खुंट्या होत्या. समोरून त्यांची टोके दिसत नाहीत आणि गिटार देखणी दिसते, पण त्या वजनदार आहेत. पट्टा अडकवायचे बटण नेकच्या मुळाशी, पाठीमागे. परिणामी हात सोडला की नेक खाली झुकतो. गिटार पडली की हेडस्टॉकच तुटतो, आणि अशा एकसलग नेकची दुरुस्ती महाग पडते. कारखान्याला तर ही बांधणी परवडेनाच. त्यात फेंडरने तक्रार केली की बॉडीचा तिरका कंबरेचा आकार आपल्या पेटंटवर अतिक्रमण करतो.

१९६५ मध्ये गिब्सनने आकार उलटवला आणि नेक चिकटवायला सुरुवात केली. स्वस्तातल्या प्रकारांना साधे, एका कॉइलचे पी-नाइन्टी पिकअप दिले. या दुसऱ्या रूपाला ‘नॉन-रिव्हर्स’ म्हणतात. त्यामुळे आधीची, खरे तर मूळची गिटार ‘रिव्हर्स’ ठरली. नॉन-रिव्हर्स फायरबर्डही १९६९ पर्यंतच टिकली. माझ्या मते ती उगाच बदनाम झाली. वाजवायला ती सोयीची आहे, फक्त तिच्यात पहिल्या फायरबर्डचे काही शिल्लक नाही.

मागणी कुठून आली. रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सच्या हातात साठीच्या दशकात फायरबर्ड सेव्हन दिसली. १९६८ मध्ये क्रीम या बँडच्या अखेरच्या काळात एरिक क्लॅप्टनने एकाच पिकअपची फायरबर्ड वन वाजवली. टेक्ससच्या जॉनी विंटरने तर हीच आपली ओळख केली. अंगठ्यात पिक, बोटात स्लाइड (तारांवर घसरवायची नळी) आणि खांद्यावर फायरबर्ड फाइव्ह, हे चित्र सत्तरीच्या सुरुवातीला रॉक-ब्लूजच्या चाहत्यांच्या मनात पक्के बसले. रॉक्सी म्युझिकचा फिल मान्झनेरा लाल फायरबर्ड सेव्हन वाजवी. कंपनीने जाहिरात न करताच वादकांनी जुन्या गिटारी शोधायला सुरुवात केली.

गिब्सनला याचा पूर्वानुभव होता. वापरलेल्या लेस पॉलला चढा भाव मिळू लागल्यावर १९६८ मध्ये तिला परत आणावे लागले होते. पण लेस पॉलसाठी मोठा बाजार होता. फायरबर्ड आणि फ्लाइंग व्हीसाठी मोजकेच, तरीही हट्टी गिऱ्हाईक. मर्यादित आवृत्तीचा हिशेब इथेच बसतो. यंत्रे, साचे आणि कारागीर थोड्या दिवसांसाठी वळवायचे, ठरावीक नग काढायचे आणि थांबायचे. विकले गेले नाहीत तर तोटा मर्यादित, विकले गेले तर ‘कमी होते’ हीच जाहिरात. १९७१ मध्ये फ्लाइंग व्हीवर हा प्रयोग झाला आणि बिल्ला लावलेल्या ३५० गिटारी निघाल्या. पुढच्या वर्षी फायरबर्डची पाळी आली.

१९७२ची तुकडी. निवड फायरबर्ड फाइव्हची झाली, म्हणजे दोन पिकअप आणि फ्रेटबोर्डवर समलंब आकाराच्या खुणा. आकार मूळचा रिव्हर्स. दर्शनी बाजूला ‘लिमिटेड एडिशन’चा बिल्ला. सौंदर्याच्या दृष्टीने हा बिल्ला म्हणजे डिट्रिच यांच्या रेषेवर उमटवलेला कचेरीचा शिक्का आहे. तरी आज एखाद्या नगावरून तो निघाला असेल तर गिटारीची किंमत उतरते.

हा व्यवहार गिब्सन नॉर्लिन या समूहाच्या ताब्यात गेल्यानंतरचा. नॉर्लिनच्या काळातील गुणवत्तेबद्दल जाणकार नाक मुरडतात. मेडॅलियन फायरबर्डला मात्र त्यातून बरीचशी सूट मिळते, कारण कारखाना तोच कॅलमझूचा होता आणि मूळ गिटार बंद होऊन दशकही उलटले नव्हते. त्यामुळे ही प्रतिकृती की उशिरा निघालेली मूळच, असा वाद घालता येतो. आजच्या बाजारात तिची जागा मधली आहे : १९६३-६५ च्या गिटारींच्या खाली, नव्वदीनंतरच्या रीइश्यूंच्या वर.

नंतरच्या आवृत्त्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त पिकगार्डवरचा पक्षी लाल-पांढरा-निळा करून पुन्हा एक तुकडी आली. १९८४ मध्ये कॅलमझूचा कारखाना बंद झाला आणि गिब्सनचे काम नॅशव्हिलला गेले. रिव्हर्स फायरबर्ड फाइव्ह नियमित उत्पादनात आली ती १९९० मध्ये. मर्यादित आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. गिब्सनच्या कस्टम शॉप या खास विभागाने जॉनी विंटरच्या गिटारीचीही प्रतिकृती काढली.

या सगळ्यांत नक्कल कुठे केली जाते आणि कुठे टाळली जाते, हे पाहण्यासारखे आहे. आकार आणि पक्षी कधी सुटत नाही. पिकअपमध्ये मात्र काही आवृत्त्यांनी अल्निकोऐवजी सिरॅमिक चुंबक घातले आणि आवाज कर्कश झाला. २०१०च्या सुमारास काही गिटारींना बँजो खुंट्यांऐवजी स्टाइनबर्गरच्या हलक्या, दंतचक्र नसलेल्या खुंट्या आल्या. नेक झुकण्याची तक्रार कमी झाली, पण शुद्धतावाद्यांनी त्या काढून फेकल्या. लाकडाचीही अडचण. जुन्या फ्रेटबोर्डांवरचे ब्राझिलियन रोजवूड आंतरराष्ट्रीय व्यापारात १९९२ पासून कडक बंदीत आहे. त्याची जागा मुख्यतः भारतीय शिसवाने घेतली. हे झाड पश्चिम घाटातलेही आहे आणि आपल्याकडे जुने पलंग, कपाटे आणि देव्हारे याच लाकडाचे असत. नॅशव्हिलमध्ये बनलेल्या पुष्कळ गिब्सन गिटारींच्या फ्रेटबोर्डवर बोटे फिरतात ती या शिसवावर.